लिस्बनचा भूकंप आणि देवाचा न्याय

लिस्बन हे नाव आपल्याला अगदीच परके नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ साली ज्यांच्याकडून वसई घेतली, त्या पोर्तुगीजांची ही राजधानी. आणि १९६१ सालापर्यंत गोव्यासाठी हुकूम सुटत तेही येथूनच. या शहरावर १७५५ साली जे संकट कोसळले त्याची हकिकत आपल्यापुढे मांडण्याचे कारण एवढेच की, ख्रिस्ती धर्मविचारातला एक फार जुना प्रश्न त्या दिवशी पंडितांच्या ग्रंथांतून उठून भर रस्त्यावर आला. देव दयाळू आहे आणि सर्वसमर्थही आहे, तर मग तो माणसाला दुःख का भोगू देतो?

दिवस १ नोव्हेंबरचा, सर्व संतांच्या सणाचा. सकाळी साडेनऊच्या सुमारास चर्चे भाविकांनी भरून गेली होती, वेदींवर मेणबत्त्या तेवत होत्या. अशा वेळी धरणीने एकामागून एक हिसके दिले आणि दगडी छते प्रार्थना करणाऱ्यांच्या अंगावर आली. जे बचावले त्यांतले कित्येक मोकळ्या जागेच्या आशेने टेगस नदीच्या काठी धावले, तर समुद्राच्या प्रचंड लाटा नदीतून वर चढून आल्या. मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग पुढे पाचसहा दिवस धुमसत होती. मृतांचे अंदाज दहा हजारांपासून साठ हजारांपर्यंत केले जातात. राजवाडा गेला, त्यातला मोठा ग्रंथसंग्रह गेला, त्याच वर्षी उघडलेले संगीत नाट्यगृह गेले. हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरीही गेली, आणि आपल्याकडील इतिहासाच्या अभ्यासकाला ही शेवटची हानी विशेष जाणवावी.

मग लोक विचारू लागले, पाप कोणाचे? इन्क्विझिशनच्या नगरीला देवाने शासन केले, असे कित्येक प्रॉटेस्टंट म्हणाले. शहराने पाखंडी परदेशी व्यापाऱ्यांना आसरा दिला त्याचे हे फळ, असे काही कॅथलिकांना वाटले. मालाग्रिदा नावाच्या जेझुइट धर्मोपदेशकाने १७५६ साली पुस्तिका काढून सांगितले की, भूकंपाला नैसर्गिक कारणे शोधणे हेच अधर्माचे. निवारे बांधण्याआधी प्रायश्चित्त घ्या. शहर उभे करण्याच्या खटपटीत असलेला प्रधान कार्व्हाल्यो, जो पुढे मार्क्विस पोंबाल म्हणून प्रसिद्धीस आला, त्याला हे कसे रुचावे? त्याने मालाग्रिदाला शहराबाहेर घालवले. पुढे १७६१ साली निराळ्याच लिखाणांवरून पाखंडाचा आरोप ठेवून इन्क्विझिशनने त्या वृद्धाला गळा आवळून मारले व त्याचे प्रेत जाळले. या न्यायालयावर तेव्हा प्रधानाचाच भाऊ होता!

मौज अशी की, ‘दुःख आले म्हणजे पाप असलेच पाहिजे’ हा हिशेब खुद्द ख्रिस्ती शास्त्रालाच मान्य नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी होती असे समजू नका, असे येशूने बजावल्याचे लूकच्या शुभवर्तमानात आहे. पश्चात्ताप करा, हे मात्र तो ऐकणाऱ्यांनाच सांगतो. ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखाच्या मुळाशी पाप शोधत बसतात, आणि अखेरीस देवाचा कोप होतो तो त्या मित्रांवर. ईयोबाला तरी कारण कळते काय? तेही नाही.

तत्त्वज्ञांनी कारण देण्याचा प्रयत्न केला. पाचव्या शतकात कालवश झालेल्या संत ऑगस्टीनने दुष्टपणाचा उगम माणसाच्या स्वातंत्र्याच्या दुरुपयोगात पाहिला. लायब्निझने १७१० साली प्रतिपादले की, शक्य असलेल्या सर्व जगांतले उत्तम तेच देवाने निवडले. लिस्बनच्या ढिगाऱ्यापुढे ही समजूत व्हॉल्टेअरला सहन होईना; आधी काव्य आणि मग १७५९ साली ‘कांदीद’ लिहून त्याने तिची दाणादाण उडवली. रूसोने त्याला पत्राने उत्तर दिले की, सहासात मजली घरे एकमेकांना खेटून निसर्गाने बांधली नव्हती. माझ्या मते हा ऑगस्टीनचाच मुद्दा, व्यवहाराच्या भाषेत. युद्धे आणि जुलूम यांना तो पुरतो. छताखाली सापडलेल्या मुलाने कोणत्या स्वातंत्र्याचा दुरुपयोग केला होता? येथे ख्रिस्ती श्रद्धा युक्तिवाद सोडून क्रूसाकडे बोट दाखवते. दुःखाचा खुलासा न करता देव स्वतःच त्यात उतरला, असे ती म्हणते. ज्याची श्रद्धा नाही त्याला हे पटणार नाही, आणि श्रद्धावंतालाही ‘का’चे उत्तर यातून मिळत नाही, पण बोट दाखवून पापी ठरवण्याची सोय मात्र यात उरत नाही.

पोंबालने १७५६ साली गावोगावच्या धर्मगुरूंकडे एक प्रश्नावली धाडली. धक्का किती वेळ टिकला, कोणत्या बाजूने जोर अधिक होता, समुद्र कसा वागला, घरे किती पडली, माणसे किती गेली, असे तिचे प्रश्न होते. धर्मगुरूंनी ते आपापल्या परीने तपासून उत्तरे लिहिली, आणि त्यांतली पुष्कळशी लिस्बनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात जपून ठेवलेली आहेत.