हुलग्याचे शेंगोळे

पावसाळ्यांत जुन्नर-ओतूरकडे झड लागली, माळवें मिळेनासें झालें आणि अशा वेळीं घरीं पाहुणा आला, म्हणजे तिकडील गृहिणी हुलग्याच्या पिठाच्या डब्याकडे वळते. त्या पिठास स्वतःचा चिकटपणा बेताचा, म्हणून त्यांत थोडी कणीक घालावयाची; लसूण, जिरें, तिखट, हळद व मीठ मिसळून घट्ट गोळा मळावयाचा; आणि हातास तेल लावून तळव्यांवर बारीक वळ्या करून त्यांचीं टोकें जुळवावयाचीं. चुलीवर लसणाची फोडणी दिलेलें पाणी खळखळूं लागलें कीं ह्या वळ्या एकेक करून त्यांत सोडतात. परात धुतलेलें पिठाचें पाणीही वायां जात नाहीं. तें ओतल्यानें रसा दाट होतो. अर्ध्यापाऊण तासांत शेंगोळे तयार! वर कच्च्या तेलाची धार, आणि जोडीस बाजरीची भाकरी व कांदा.

पिठाची वळी करून ती रशांत शिजविणें, ह्यासच आज शहरांतील उपाहारगृहें पास्त्याचें सूप म्हणतात, आणि तें खाणारास आपण कांहीं परदेशी नवलाई चाखीत आहों असें वाटतें. त्याच्या आनंदांत आम्हांस बिघाड करावयाचा नाहीं. परंतु अशा पदार्थांचा इतिहास सांगतांना इटली व चीन ह्या दोनच नांवांवर लेखणी थांबावी, ह्याचें कारण मात्र शोधण्यासारखें आहे.

सिसिलीच्या दरबारीं असलेल्या अल्-इद्रीसी ह्या भूगोलकारानें इ. स. ११५४ मध्यें पुऱ्या केलेल्या ग्रंथांत पालेर्मोजवळच्या त्राबिया गांवाचा उल्लेख आहे. तेथें 'इत्रिया' नांवाच्या शेवया विपुल होत आणि जहाजांतून दूरच्या मुलुखांत जात. मार्को पोलो व्हेनिसला परतला तो १२९५ मध्यें. तेव्हां त्यानें चीनहून शेवया आणल्या ही लोकप्रिय कथा ह्या एका नोंदीनेंच कोसळते. पण ही नोंद राहिली कशामुळें? वाळलेली शेवई टिकते, जहाजांत चढते, तिचे पैसे होतात. सबब ती भूगोलकाराच्या नजरेस पडते. शेंगोळा संध्याकाळीं होतो आणि रात्रीं संपतो. नाणेघाटांतून शतकानुशतकें मालाची ये-जा झाली, जकातीचा म्हणून दाखवितात तो दगडी रांजण तेथें अजून उभा आहे. परंतु शेंगोळ्यांवर जकात कोणीं घ्यावी?

दुसरें उदाहरण खुद्द जुन्नरचेंच आहे. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी इ. स. १४६९ च्या सुमारास एक घोडा घेऊन चौलहून जुन्नरास आला आणि पावसाळ्यांत तेथें राहिला. चिखलांतून चाललेली नांगरट-पेरणी त्यानें पाहिली. गहूं, भात, हरभरा हीं पिकें त्यानें टिपलीं. घोड्यांस हरभरा आणि साखर घालून शिजविलेली खिचडी चारतात हेंही तो लिहितो. घोड्याच्या तोबऱ्यांत काय होतें हें आम्हांस कळतें. शेजारच्या कुणब्याच्या ताटांत काय होतें हें तो जुन्नरच्या वर्णनांत सांगत नाहीं. त्यास दोष तरी कसा द्यावा? तो आला होता घोडा विकावयास, आणि तो घोडाही जुन्नरच्या खानानें कांहीं काळ हिरावून घेतला होता!

हुलग्यासही इंग्रजींत घोड्याचें कडधान्य असेंच नांव पडलें आहे. वास्तविक ह्या धान्याचें कूळ फार मोठें. शिरूर तालुक्यांतील इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून जें उत्खनन केलें, त्यांत इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकापासूनच्या वस्तींत कुळथाचे जळके दाणे सांपडले. कुलत्थानें संस्कारिलेल्या अन्नास 'कौलत्थ' म्हणावें अशी सोय पाणिनीनें आपल्या अष्टाध्यायींत केली आहे. आणि कुलत्थाचें यूष तर चरक-सुश्रुतांस परिचित होतें. घोड्यानें मागाहून खाल्लें म्हणून तें घोड्याचें होत नाहीं.

आतां वळीचा प्रश्न. जुन्नर हें बहमनी अंमलाचें ठाणें, आणि १४९० मध्यें निजामशाहीचा आरंभही येथूनच. तेव्हां तुर्की-इराणी शिपायांच्या 'बुग्रा' नामक पदार्थावरून शेंगोळे निघाले, असा तर्क कोणी लढवील. अबुल फज्लनें आइन-इ-अकबरींत बुग्र्याचें साहित्य दिलें आहे. त्यांत पीठ व हरभरा आहे, तसेंच मांस व तूपही आहे. तर्क डौलदार खरा, पण आम्हांस तो पटत नाहीं. ज्या घरांत हुलग्याचें पिठलें आणि माडगें नेहमींचें, त्या घरांत तेंच पीठ घट्ट मळून कढत पाण्यांत सोडण्यास परक्या शिक्षकाची गरज कसली? अर्थात् हें आमचें अनुमान. कागदाचा आधार ना त्या पक्षास, ना आमच्या.

ओतूरास मांडवीच्या तीरीं कपर्दिकेश्वराच्या देवळांत श्रावणी सोमवारीं कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात. त्या पाहण्यास लांबून लोक येतात, छायाचित्रें घेतात. तांदळावरचें हें हस्तकौशल्य सर्वांच्या दृष्टीस पडतें. पिठावरचें स्वयंपाकघरांतच राहतें. वळी किती बारीक असावी, तिचें कडें करावें कीं ती शेंगेसारखी लांबट ठेवावी, कणीक किती घालावी, ह्यांविषयीं घरोघर मतभेद आहेत. आणि प्रत्येक सासूच्या मतें सुनेची वळी जाडच असते.