गर्भवाढ आणि संप्रेरके

गर्भवाढ आणि संप्रेरके : जन्मानंतर मुलाची उंची वाढवणारे वाढ-संप्रेरक पोटातल्या बाळाच्या फारसे कामी येत नाही. ते जन्मतःच कमी असलेली मुलेही सहसा नेहमीच्या लांबीचीच जन्मतात. गर्भ वाढतो तो मुख्यतः इन्शुलिन आणि इन्शुलिनसारखे वाढ-घटक (आयजीएफ-१ व आयजीएफ-२) यांच्या जोरावर.

आईचे इन्शुलिन वार ओलांडत नाही, साखर मात्र सहज ओलांडते. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गर्भाचे स्वादुपिंड स्वतःचे इन्शुलिन बनवू लागते. पुढे आईची साखर चढली की गर्भाचीही चढते, त्याचे इन्शुलिन वाढते आणि अंगावर चरबी धरते. डेन्मार्कचे डॉक्टर यॉर्गन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात ही साखळी मांडली. असे बाळ चार किलोंच्याही वर जाते, गालाखांद्यांनी भरलेले दिसते आणि घरचे हरखून जातात. पण नाळ कापताच साखरेचा पुरवठा तुटतो, इन्शुलिन मात्र रक्तात तसेच राहते. तास-दोन तासांत बाळाची साखर धोक्याइतकी उतरू शकते. म्हणून त्याला लगेच पाजतात आणि टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर पाहतात.

आईची साखर चढण्यात वारेचाही हात असतो. बाळाला जास्त पोषण मिळावे म्हणून वारेची संप्रेरके आईच्या इन्शुलिनचा प्रभाव कमी करतात. आईचे स्वादुपिंड ही तूट भरून काढू शकले नाही, तर गरोदरपणातला मधुमेह होतो.

कॉर्टिसॉल वजन वाढवत नाही. ते फुप्फुसे तयार करते. आईचे बरेचसे कॉर्टिसॉल वारेतच निष्प्रभ होते. बीटामेथासोन हे त्याच प्रकारचे कृत्रिम औषध मात्र वार ओलांडते. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीआधी ते आईला दिल्यास बाळाचा श्वास सावरतो, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवले. थायरॉइड संप्रेरक मेंदूसाठी अत्यावश्यक; सुरुवातीचे महिने ते आईकडूनच मिळते.

वजनाचा काटा मात्र सगळे सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळे मोजली. सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. स्नायू कमी, पण पाठीवरची चरबी जवळपास तेवढीच. पुण्यातल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्शुलिनही जास्त आढळले. लहानखुऱ्या बाळाच्या आईला साखरेची काळजी नको, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

भारतात गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासतात. ती १४० मिग्रॅ/डेसिलिटर किंवा अधिक आल्यास गरोदरपणातला मधुमेह समजतात. उपाशीपोटी जावे लागत नाही. पहिली तपासणी नीट आली, तरी २४ ते २८ आठवड्यांतली दुसरी टाळू नये.