तीन-दोन, तीन-दोन

छावणीत गुरुवार म्हणजे आठवडी बाजार. त्या रात्री बाजार उरकून दमलेलं आमचं घर टीव्हीला खोचलेल्या स्टिकवरून सिनेमा लावून बसलं होतं. पडद्यावर किल्ला आला, कॅमेरा तटबंदीवरून सावकाश सरकू लागला आणि तट अडखळत चालला. आजी म्हणाली, "नेट गंडलंय." नेट ठणठणीत होतं, टीव्हीही नवाच होता. हे अडखळणं दोघांपेक्षाही जुनं आहे, आणि आपलं तर नाहीच.

मूकपटाच्या काळात कॅमेरा हातानं फिरवत. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या (1913) वेळी हँडल त्र्यंबक तेलंगांच्या हाती होतं. कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं काम फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून करत. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा. पण हात तो हातच. कधी भरभर, कधी रेंगाळत. डोळा हे चालवून घेई. कान घेईना. फिल्मला आवाज जोडला गेला तसा वेग पक्का करावाच लागला, कारण वेग हलला की गाणं बेसूर. विसाच्या दशकाच्या अखेरीस मिनिटाला 90 फूट हा वेग रूढ झाला. फुटात सोळा चित्रं, म्हणून सेकंदाला 24. डोळ्याला विचारून कोणी हा आकडा ठरवला नव्हता. म्हणून तर कॅमेरामन मंडळींचा ठोकताळा असतो: पॅन करताना वस्तूला पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सातेक सेकंद लागू द्या, नाहीतर ती उड्या मारताना दिसेल.

टीव्हीनं मात्र आपली लय घरातल्या विजेकडून घेतली. अमेरिकेची वीज 60 हर्ट्झची, म्हणून तिथला पडदा सेकंदाला 60 वेळा रंगे. युरोपची आणि आपली 50 ची. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते याच 50 वर.

आता 24 चित्रं 50 मध्ये बसवायची कशी? या देशांनी सोपी वाट काढली: सिनेमा सरळ 25 च्या वेगानं पळवला आणि प्रत्येक चित्र दोनदा दाखवलं. तीन तासांचा सिनेमा सात मिनिटं आधी संपे, एवढंच. आणि सूर चढे. आमचे मामा पेटी वाजवत. रविवारच्या सिनेमातलं गाणं पेटीला लागत नाही, ही त्यांची कायमची कुरकुर. घरात सगळे हसत. मामांचं बरोबर होतं. 25 भागिले 24 हे गुणोत्तर आपल्या बावीस श्रुतींच्या हिशेबात चक्क 'न्यून श्रुती' म्हणून येतं! सूर एका श्रुतीनं चढला, पण पॅनची चाल एकसारखी राहिली.

अमेरिकेत ही सोय नव्हती. 60 ला 24 नं भागलं की येतात अडीच, आणि अर्धं चित्र दाखवता येत नाही. मग एक चित्र तीन वेळा, पुढचं दोन वेळा. तीन-दोन, तीन-दोन. एक चित्र 50 मिलिसेकंद थांबतं, दुसरं 33. पहाटे छावणीच्या रस्त्यानं जवानांची तुकडी एका ठेक्यात धावते, त्यात एखाद्यानं एक पाऊल लांब आणि एक आखूड टाकायला सुरुवात केली तर जे दिसेल, तेच. माणसं बोलत बसली असतील तर हे कळतही नाही. कॅमेरा फिरला की उघडं पडतं.

आमच्याकडे पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. तिथले रंगीत टीव्ही 50 च्या लयीचे. कंपनी 2018 साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तोवर जुनी लयही घरातून निघत चालली होती. कॉम्प्युटरचे मॉनिटर, मोबाइल, स्टिक सगळे मुळात 60 वर चालणारे, म्हणून तीन-दोनची चालही त्यांच्यासोबत घरात आली. शिवाय काचेच्या ट्यूबवर चित्र चमकून विझे. एलसीडी ते पुढचं येईपर्यंत धरून ठेवतो, त्यामुळे लंगडणं आणखी डोळ्यांत भरतं.

कंपन्यांनी यावर इलाज म्हणून टीव्हीलाच मधली चित्रं रचायला शिकवलं. क्रिकेटला ते शोभतं. सिनेमाची मात्र मालिका होते. डिसेंबर 2018 मध्ये टॉम क्रूझनं खास व्हिडिओ काढून 'हे बंद करा' म्हणून सांगितलं. माझंही मत तेच. पण नुसतं ते बंद करून तीन-दोनची चाल जात नाही.

स्टिकच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेखाली मूळ फ्रेम रेट जुळवण्याचा पर्याय असतो. बऱ्याचदा तो बंद असतो. तो चालू करा. टीव्हीला 24 चा सिग्नल झेपत असेल, तर प्रत्येक चित्र सारखाच वेळ थांबतं. 120 हर्ट्झच्या पॅनेलवर बरोबर पाच वेळा. आमच्याकडे तट आता नीट सरकतो. नेट सुधारलं, असं आजी म्हणते.