चाचणी आणि बोलावणे

एखादा उपाय सापडला म्हणजे काम झाले, असे आपण सहज समजतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

जॉर्ज पापानिकोलाऊ हे मूळचे ग्रीक संशोधक न्यूयॉर्कमध्ये काम करीत. त्यांची पत्नी वर्षानुवर्षे स्वतःची तपासणी करू देत असे. काचेवर घेतलेल्या पेशींवरून हा रोग ओळखता येतो, हे त्यांनी १९२८ साली मांडले; डॉक्टरमंडळींनी ते मनावर घेतले १९४१ नंतर. रोग जडण्यापूर्वीचे बदलही या चाचणीत दिसतात आणि वेळीच उपाय करता येतो, हीच तिची थोरवी.

इंग्लंडात ही तपासणी १९६० नंतरच्या दशकात सुरू झाली. मग अडलं कुठं? बाळंतपणाच्या निमित्ताने दवाखान्यात येणाऱ्या तरुण स्त्रियांची तपासणी होई. वयाने मोठी, जिला धोका अधिक, ती घरीच राही. तिला कुणी बोलावलंच नव्हतं!

१९८८ पासून मात्र घरच्या डॉक्टरांकडील नोंदींवरून २० ते ६४ वर्षांच्या स्त्रियांना पत्रे जाऊ लागली. १९९० पासून डॉक्टरांचा मोबदलाही तपासणीच्या प्रमाणाशी जोडला गेला. १९८८ मध्ये ४२ टक्के स्त्रियांची तपासणी झालेली होती. १९९४ पर्यंत हे प्रमाण ८५ टक्क्यांवर गेले, आणि मृत्यूही झपाट्याने घटले.

काचपट्टी तीच, सूक्ष्मदर्शक तोच. बोलावणं तेवढं नवं होतं. आपल्या आईला, मावशीला असं पत्र येण्याची वाट कशाला पाहायची? आपणच विचारू या ना.