एकशे सत्तावीस दात्यांचे चाक

लेथवर आटे पाडणे म्हणजे दोन गतींची सांगड घालणे होय. चकात धरलेला गज एक फेरा पुरा करतो तेवढ्यात कापणारे हत्यार एका पिचाइतके, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधील अंतराइतकेच, पुढे सरकावे लागते; शिवाय 1.5 मिलिमीटर पिचाच्या आट्याची सुमारे 0.92 मिलिमीटर खोली एका दमात कापता येत नसल्यामुळे हत्याराला पुन्हा पुन्हा मागे येऊन दर वेळी त्याच खाचेत उतरावे लागते. प्रमाण, दिशा आणि आरंभाची जागा सांभाळण्याचे हे काम दीर्घकाळ दातेरी चाकांनी केले आणि आज हौशी कारागिराच्या सीएनसी लेथवर ते स्पिंडलला, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याला, जोडलेल्या एन्कोडरकडे, म्हणजे त्याचे फिरणे मोजणाऱ्या उपकरणाकडे, आले आहे. या एन्कोडरच्या संकेतातील बिघाड जुन्या लेथचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला लवकर उमगतात, कारण त्यांतले बहुतेक जुनेच आहेत.

आटे हाताने पाडले जात तेव्हा एका बोल्टची नट दुसऱ्याला बसेलच याची खात्री नसे. हेन्री मॉड्सले यांनी 1800 च्या सुमारास लंडनमध्ये जो लेथ उभा केला, त्यात स्पिंडल आणि लीडस्क्रू, म्हणजे हत्यार सरकवणारा लांब स्क्रू, ही दोन्ही दातेरी चाकांनी जोडलेली होती आणि चाके बदलली की पिच बदलत असे. त्यांच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये 55 अंशांच्या आट्याचे प्रमाणीकरण सुचवले. तोच आटा हवा तितक्या वेळा पाडून देणारी यंत्रे नसती, तर ही सूचना कागदावरच राहिली असती.

चाके बदलण्याच्या या व्यवस्थेचा काच इंची लीडस्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना जाणवे. 1 इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, आणि हे प्रमाण अचूक साधायचे तर 127 दात्यांचे चाक लागते, कारण 127 ही मूळ संख्या असल्याने तिचे काम लहान चाकांच्या जोडीवर भागत नाही. एरवी कारागीर हाफ नट, म्हणजे लीडस्क्रूला पकडणारी दुभंगलेली नट, उघडून हत्यार मागे आणी आणि लीडस्क्रूसोबत फिरणाऱ्या डायलवरची योग्य खूण समोर येताच ती पुन्हा मिटे. मेट्रिक आट्याला मात्र ती सहसा मिटलेलीच ठेवून सबंध लेथ उलटा फिरवावा लागे.

संख्यात्मक नियंत्रणाचे मिलिंग यंत्र अमेरिकेत एमआयटीने 1952 मध्ये प्रात्यक्षिकासाठी मांडले. पुढे हे तंत्र लेथवर आले, लीडस्क्रूला स्वतंत्र मोटर मिळाली आणि चाकांची साखळी तुटली. स्पिंडल कुठे आहे हे आता कोणी तरी सांगणे भाग होते. अमेरिकी शासनाच्या मानक संस्थेतील प्रकल्पातून वाढलेल्या लिनक्ससीएनसी या मुक्त प्रणालीने ही सोय घरगुती यंत्रांपर्यंत आणली, आणि तिच्या आटे पाडण्याच्या जी33 व जी76 या आज्ञा स्पिंडलच्या मोजणीवरच चालतात.

एन्कोडरच्या चकतीवरून ए आणि बी हे दोन स्पंद पाव आवर्तनाच्या अंतराने येतात. त्यांच्या संख्येवरून प्रमाण ठरते, कोण आधी आला यावरून दिशा ठरते, आणि झेड हा तिसरा स्पंद फेऱ्यातून एकदाच येऊन डायलवरच्या खुणेचे काम करतो. त्यामुळे खराब झालेला आटाच पुष्कळदा दोष सांगतो. झेडच्या तारेत खोटा स्पंद शिरला तर हत्यार भलत्या जागी उतरते आणि एका आट्याऐवजी दोन-तीन गुंतलेले दिसतात. ए-बीचे स्पंद हरपले तर पिचच बिघडतो. आणि दोहोंपैकी एक तार तुटली तर मोजणी एक पुढे, एक मागे अशी जागीच डुलत राहून हत्यार हलत नाही. चाकाचा दाता मोडला तर निदान आवाज होई.

स्पंद हरपण्याचे एक कारण साधे गणित आहे. 1000 रेषांची चकती मिनिटाला 1000 फेऱ्यांनी फिरली तर सेकंदाला सुमारे 66,667 बदल होतात, तर संगणकाचा पॅरलल पोर्ट दर 25 मायक्रोसेकंदांनी वाचला तरी सेकंदाला 40,000 नोंदीच मिळतात. अशा वेळी 100 रेषांची स्वस्त चकती महागडीपेक्षा सरस ठरते. दुसरे कारण म्हणजे स्पिंडल मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी, जो विजेचे वेगाने तुकडे पाडतो आणि शेजारून जाणाऱ्या एन्कोडरच्या तारांत गोंगाट पेरतो. दोहोंची पारख एकाच रीतीने होते: चकावर खडूची खूण करून तो हाताने दहा फेरे फिरवला असता मोजणी बरोबर येते आणि व्हीएफडी चालू करून चक थांबलेला असतानाही आकडा सरकतो, तेव्हा दोष गोंगाटाचा असतो. मग जाळीचे आवरण असलेली केबल वापरणे, तिची वाट मोटरच्या तारांपासून वेगळी ठेवणे आणि प्रत्येक संकेत उलटसुलट अशा दोन तारांवरून नेणे हे उपाय करावे लागतात.

मात्र ऑसिलोस्कोपवर तिन्ही संकेत स्वच्छ दिसूनही आटे फिसकटतात, तेव्हा शोध विजेतून पुन्हा लोखंडाकडे वळतो. एन्कोडर बहुधा दातेरी पट्ट्याने फिरवतात, आणि दोन्ही पुल्यांचे दाते समान नसतील तर झेड स्पिंडलच्या दर फेऱ्याला एकाच जागी येत नाही. दाते समान असूनही पुलीचा लहानसा स्क्रू सैल असेल तर ती शाफ्टवर घसरते आणि पुढचा आटा आधीच्या खाचेशेजारी पडतो.