दोन मिलिमीटरचा इतिहास

माळ्यावर पडलेल्या जुन्या कॅमेऱ्याच्या बॅगेचं काय करायचं, हा प्रश्न बऱ्याच घरांत कधी ना कधी निघतोच. वडिलांची बॅग, काकांची बॅग, मामांची बॅग. आत एक जडशीळ कॅमेरा, दोन-तीन लेन्स, एखादा फ्लॅश. उत्तरंही ठरलेली तीन: विकून टाका, ठेवून द्या, नाहीतर आजच्या कॅमेऱ्याला जोडून वापरा. बहुतेक जण हा निर्णय भावनेच्या भरात घेतात, किंवा नेटवरचे भाव बघून घेतात. मला वाटतं, आधी थोडा इतिहास बघावा. कारण जुनी लेन्स जगणार की मरणार, हे तिच्या काचेच्या दर्जावर फारसं कधी ठरलेलंच नाही. ते ठरलं एका आकड्यावर. आणि तो आकडा कुठल्यातरी कंपनीत, कुणीतरी विचार करून (किंवा न करून) ठरवलेला होता.

आकडा कसला? लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते ती धातूची कडी, म्हणजे माउंट, आणि मागची फिल्म किंवा सेन्सर यांच्यातलं अंतर. याला फ्लँज डिस्टन्स म्हणतात. लेन्समधली भिंगं हे अंतर गृहीत धरूनच बसवलेली असतात. लेन्स ठरल्यापेक्षा पुढे राहिली, की दूरचा डोंगर काही केल्या स्पष्ट येत नाही, फक्त जवळच्या वस्तू फोकस होतात. यातून एक साधा नियम निघतो. लांब अंतराची लेन्स आखूड अंतराच्या कॅमेऱ्यावर लावता येते, मधली जागा एका पोकळ नळीनं भरून काढायची, झालं. उलटं मात्र जमत नाही. उणे जाडीची नळी अजून कुणाला बनवता आलेली नाही :)

आता गोष्ट सुरू करू जर्मनीतल्या वेट्झलार गावापासून. तिथे ओस्कार बार्नाकनं बनवलेला लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला आणि १९३० पासून त्याच्या लेन्स बदलता येऊ लागल्या. आटे फिरवून बसवायच्या लेन्स, आणि अंतर लवकरच पक्कं झालं, २८.८ मिलिमीटर. पुढे १९५४ साली लायका एम३ आला. आट्यांऐवजी चटकन फिरवून बसणारं नवं माउंट. जुन्या लेन्सवाल्यांचं काय? तर नव्या कॅमेऱ्याचं अंतर ठेवलं २७.८. बरोब्बर एक मिलिमीटर कमी. म्हणजे एक मिलिमीटर जाडीची कडी लावली की १९३० च्या दशकातली लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालू! तीच कडी लावून ती लेन्स आजच्या डिजिटल लायकावरही चालते. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी डिझाइनमध्येच होती, नंतर पॅच मारलेला नव्हता.

पेंटॅक्सनं १९७५ मध्ये असंच केलं. जुनं आट्यांचं एम४२ माउंट सोडून के माउंट आणलं, पण अंतर तेच ठेवलं, ४५.४६ मिलिमीटर. आणि जुन्या लेन्ससाठी माउंटच्या आत बसणारी एक पातळ कडी विकायला ठेवली.

निकॉनची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. १९५९ सालच्या निकॉन एफ कॅमेऱ्याचं माउंट आणि ४६.५ मिलिमीटर अंतर त्यांनी पुढच्या सगळ्या एसएलआरमध्ये कायम ठेवलं. 'निकॉनची कुठलीही लेन्स कुठल्याही बॉडीवर बसते' ही ख्याती त्यातूनच आली. पण 'बसते' आणि 'चालते' यांत फरक असतो, हे आपल्या धंद्यात कुणाला सांगायला नको. १९७७ मध्ये ॲपर्चरची माहिती बॉडीला कळवायची पद्धत बदलली. त्याआधीची लेन्स नंतरच्या बऱ्याच बॉडींवर जबरदस्तीनं बसवली तर तिथली छोटी पट्टी मोडू शकते. गंमत म्हणजे २००६ चा डी४० हा निकॉनचा स्वस्तातला डिजिटल कॅमेरा. त्यात ही पट्टीच नाही, त्यामुळे १९६० च्या दशकातली लेन्स त्यावर बिनधोक बसते. महागड्या भावंडांवर बसत नाही!

आणि मग आलं १९८५. मिनोल्टानं ऑटोफोकसवाला ७००० बाजारात आणला, आणि जुनं माउंट सरळ सोडून दिलं. दोन वर्षांनी, मार्च १९८७ मध्ये, कॅननही त्याच वाटेनं गेलं. ईओएस ६५० आला, त्याच्याबरोबर ईएफ माउंट. पूर्ण इलेक्ट्रॉनिक, फोकसची मोटर लेन्समध्येच, तोंड ५४ मिलिमीटरचं, चांगलं ऐसपैस. तांत्रिकदृष्ट्या फार दूरचा विचार केलेलं डिझाइन होतं. नव्वदच्या दशकात क्रिकेटच्या आणि फुटबॉलच्या मैदानांच्या कडेला कॅननच्या पांढऱ्या लेन्सची रांग दिसू लागली, ती याच माउंटच्या जोरावर.

पण कॅननच्या जुन्या एफडी लेन्सचं अंतर होतं ४२ मिलिमीटर. आणि नव्या ईएफचं ४४.

दोन मिलिमीटर चुकीच्या बाजूला! साधी कडी लावून चालणार नाही, मध्ये एखादं भिंग घालावं लागणार, आणि त्यानं चित्राचा दर्जा जाणार. यातला खरा विनोद बघा. निकॉनची ४६.५ वाली आणि एम४२ ची ४५.४६ वाली लेन्स कॅननच्या नव्या बॉडीवर साध्या कडीनं बसते. कॅननची स्वतःची जुनी लेन्स तेवढी बसत नाही. १९७१ पासून ज्यांनी एफडी लेन्स जमवल्या, १९८६ मध्ये मोठ्या हौसेनं टी९० घेतला, त्यांना वर्षभरात कळलं की आपला रस्ता पुढे बंद आहे.

माझे मामा त्यांतलेच एक. साताऱ्यात बँकेत नोकरी, हौशी फोटोग्राफर. १९८३ मध्ये त्यांनी कॅनन एई-१ मागवला, सौदीला असलेल्या मित्राकडून. तेव्हा परदेशी कॅमेरा इथल्या दुकानात जाऊन घेणं बँकेतल्या माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. त्याबरोबर ५० एमएम एफ १.८, १३५ एमएम एफ ३.५, आणि नंतर कुणाकडून तरी घेतलेला दुसऱ्या कंपनीचा झूम. १९९५ च्या सुमाराला त्यांनी एका दुकानात किंमत विचारली. दुकानदार म्हणाला, "साहेब, हे आता कोण घेणार? सगळ्याचे मिळून आठशे देतो." मामांनी बॅग उचलली आणि घरी आले. ती तेव्हापासून माळ्यावर.

यंदा मामा साताऱ्याचं घर सोडून पुण्याला मुलीजवळच्या छोट्या फ्लॅटमध्ये आले. सामान निम्मं करायचं होतं. बॅग माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "तूच बघ काय ते. फक्त भंगारात जाऊ देऊ नकोस." मामींचे, आमच्या सगळ्या बारशा-मुंजींचे, घरातले जवळजवळ सगळे फोटो त्या ५० एमएमनं काढलेले. मामी जाऊन आता सहा वर्षं झाली.

तर १९९५ मध्ये दुकानदार खोटं बोलत नव्हता. मधल्या काळात जग बदललं, इतकंच. २००८ मध्ये पॅनासॉनिकनं जी१ आणला, पहिला मायक्रो फोर थर्ड्स कॅमेरा. एसएलआरमध्ये लेन्स आणि फिल्मच्या मधे हलणारा आरसा असतो, म्हणून ते अंतर चाळीस मिलिमीटरच्या वर ठेवावं लागायचं. या कॅमेऱ्यात आरसाच नाही! अंतर आलं वीसच्या आत. २०१० मध्ये सोनीचं ई माउंट आलं, १८ मिलिमीटर. आता गणित करा: ४२ उणे १८, म्हणजे चोवीस. चोवीस मिलिमीटरची पोकळ नळी, आत एकही भिंग नाही, आणि एफडी लेन्स जिवंत. २०१३ मध्ये सोनीनं फुल फ्रेमचा ए७ आणला आणि या लेन्सना त्यांचं मूळचं पूर्ण क्षेत्रही परत मिळालं. आणि २०१८ मध्ये खुद्द कॅननचा ईओएस आर आला, अंतर २० मिलिमीटर. कॅननची एफडी लेन्स कॅननच्याच नव्या फुल फ्रेम बॉडीवर साध्या नळीनं बसायला एकतीस वर्षं लागली.

यामागे कुणाचा उदात्त हेतू वगैरे नव्हता. आरसा गेला, अंतर कमी झालं, आणि जुन्या लेन्सवाल्यांना लॉटरी लागली. त्यात सिनेमावाले आले. त्यांना आजच्या लेन्सचं काटेकोर चित्र नको, थोडा मऊपणा हवा, म्हणून ते जुन्या एफडी लेन्स नव्या आवरणात बसवून घेतात. मोठ्या ॲपर्चरच्या एफडी लेन्सचे भाव त्यामुळे चढले. मामांच्या साध्या १.८ ला तेवढा भाव नाही, पण ती निकामी नाही.

नळी मागवली, ५० एमएम माझ्या सोनीवर चढवली आणि कॅमेरा मामांच्या हातात दिला. त्यांनी डोळा लावला आणि रिंग न चाचपडता बरोबर दिशेनं फिरवली. (निकॉनची रिंग उलटी फिरते. चाळीस वर्षांपूर्वीची सवय बोटांत तशीच होती.) मग म्हणाले, "हे जरा जवळ आलंय की रे." अगदी बरोबर. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर फिल्मपेक्षा लहान, दीडपट क्रॉप, म्हणून ५० ची लेन्स ७५ सारखी दिसते. मला हे आकड्यांत माहीत होतं, त्यांना नुसतं बघून कळलं. दोन पावलं मागे सरकले आणि फोटो काढला.

मग आम्ही बॅगेची वाटणी केली. हे निकष तुमच्याही उपयोगी पडतील.

पहिलं म्हणजे लेन्स आणि बॉडी यांचा हिशोब वेगळा करा. बॉडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स, ते म्हातारं होतं. निकॉनचा डी१ हा १९९९ चा व्यावसायिक कॅमेरा २.७ मेगापिक्सेलचा, आज कुतूहलापुरता उरलाय. निकॉनच्याच १९५९ च्या लेन्सनं मात्र आजही फोटो निघतात. फिल्मच्या बॉडींतही फरक आहे. पेंटॅक्स के१००० किंवा निकॉन एफएम२ यांचं शटर बॅटरीशिवाय चालतं. एई-१ चं नाही. सुदैवानं त्याला लागणारी सहा व्होल्टची बॅटरी अजून मिळते, आणि फिल्मची हौसही परत आलीय (२०२४ मध्ये पेंटॅक्सनं चक्क नवा फिल्म कॅमेरा काढला). मामांचा एई-१ चालू होता, फक्त शटर दाबल्यावर कुईं असा आवाज यायचा. तो या मॉडेलचा प्रसिद्ध आजार आहे, तेलपाण्यानं बरा होतो. तो दुरुस्त करून फिल्मवर फोटो काढणाऱ्या एका कॉलेजच्या मुलाला विकला. कपाटात बसण्यापेक्षा तो तिथेच बरा.

दुसरं, टॉर्चचा उजेड लेन्समधून आरपार पाडून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, हाच लेन्सचा पहिला शत्रू. आणि सगळ्यांत जास्त बुरशी सापडते ती लेदरच्या केसमध्ये जिवापाड जपलेल्या लेन्सवर, कारण लेदर ओल धरून ठेवतं. ठेवायचीच असेल तर केसच्या बाहेर, हवाबंद डब्यात, सिलिका जेलबरोबर. नुसतं 'ठेवून देणं' म्हणजे हळूहळू मारणंच. मामांचा झूम असाच गेलेला होता, काचेवरचं कोटिंग खाल्लेलं. तो कुणी घेतला नाही. आतली रचना बघायला मी उघडलाय.

तिसरं, जोडायचं तर परत सोडवता येईल असं जोडा. कडी, नळी काढली की लेन्स मूळ रूपात. काही जण लेन्सचं माउंटच कापून बदलतात. स्टॅन्ली कुब्रिकनं 'बॅरी लिंडन' (१९७५) साठी नासाकरता बनलेली त्साइसची एफ ०.७ लेन्स वापरली, तेव्हा त्या लेन्सपायी सिनेकॅमेरा कायमचा बदलावा लागला होता. तुम्ही कुब्रिक असाल तर खुशाल करा.

आणि हो, जुना फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर न तपासता लावू नका. काहींचं ट्रिगर व्होल्टेज शंभराच्या वर असतं, कॅमेरा जाऊ शकतो.

दोन लेन्स राहिल्या. १३५ माझ्याकडे. ५० मामांकडे, एका जुन्या सोनी बॉडीसकट. एई-१ च्या पैशांत मी थोडी भर घालून ती घेतली. आता नातीचे फोटो त्यातून निघतात.

शेवटचा मुद्दा आपल्या खरेदीचा. आज आपण हप्त्यावर ज्या लेन्स घेतोय, त्यांतल्या बहुतेकांची फोकसची रिंग कशालाच जोडलेली नसते. ती फिरवली की नुसता सिग्नल जातो आणि मोटर भिंग हलवते. वीज नसेल, किंवा बॉडीशी बोलायची भाषा जुळत नसेल, तर रिंग फिरवून काहीही होत नाही. त्यात अंतरं १६ ते २० मिलिमीटर, म्हणजे नळीला पुढे जागाच नाही. सोनीनं २०११ मध्ये ई माउंटची मूलभूत माहिती इतर कंपन्यांना विनाशुल्क देऊ केली, पण सगळ्यांनीच असं केलेलं नाही. मामांची लेन्स वाचली, कारण तिला बॉडीकडून काहीच ऐकायचं नव्हतं. नवी लेन्स घेताना शार्पनेसचे तक्ते जरूर बघा, पण त्याबरोबर हेही विचारा, की ही कंपनी उद्या माउंट बदलेल तेव्हा एक मिलिमीटर आपल्या बाजूनं ठेवेल, की दोन मिलिमीटर विरुद्ध बाजूला?