चौकोनी भोकाची चिनी नाणी : इतिहास आणि संग्रह

मधोमध चौकोनी भोक असलेले, साच्यात ओतलेले, तांब्याच्या मिश्रधातूचे गोल नाणे हे चीनच्या साम्राज्यकाळातले रोजच्या व्यवहाराचे चलन. इ.स.पू. 221 मध्ये छिन शी हुआंगने देश एका अमलाखाली आणला, तेव्हापासून 1912 मध्ये छिंग राजवट संपेपर्यंत या नाण्याचा घाट जवळपास तोच राहिला. त्यावर राजाचा चेहरा नाही, देवता नाही, पशुपक्षी नाहीत. बहुतेक नाण्यांवर दोन किंवा चार अक्षरे, एवढेच. पण राजवट पालटली, युद्ध पेटले, तांबे कमी पडले, की त्याची खूण अक्षरांच्या वळणात, वजनात आणि धातूच्या रंगात उमटली. संग्राहकाचा अभ्यास या बारीक फरकांचाच असतो.

छिन काळापूर्वी वेगवेगळ्या राज्यांत फावड्याच्या आणि सुरीच्या आकाराचे कांस्य चलन चालत होते. छिन राज्याचे ‘बान लिआंग’ हे गोल नाणे देशभर लागू झाले आणि बाकीचे आकार मागे पडले. पुढे हान राजवटीत सम्राट वन याने इ.स.पू. 175 मध्ये खाजगी टाकसाळींना मुभा दिली. त्याचा फायदा घेऊन वू प्रांताचा राजपुत्र लिऊ बी गबर झाला आणि इ.स.पू. 154 मध्ये त्याने आणखी सहा प्रांतांना हाताशी धरून बंड केले. नाणे पाडणाऱ्याच्या हाती सैन्यही उभे राहते, हे दरबाराला तेव्हा कळले. सम्राट वू याने इ.स.पू. 118 मध्ये ‘वू झू’ नाणे काढले आणि पाच वर्षांनी नाणी पाडण्याचा अधिकार राजधानीतील सरकारी टाकसाळींपुरता ठेवला. वू झू सातशेहून अधिक वर्षे चालले. इ.स. 9 मध्ये गादी बळकावणाऱ्या वांग मांगने मधल्या काळात एकामागून एक चलनप्रयोग केले. त्यांतले सोन्याने अक्षरे मढवलेले सुरीच्या आकाराचे नाणे पाच हजार साध्या नाण्यांच्या मोलाचे ठरवले होते. लोकांनी असले चलन स्वीकारले नाही. संग्राहक मात्र आज ते जिवापाड जपतात.

इ.स. 621 मध्ये थांग राजवटीने ‘काइयुआन तोंगबाओ’ काढले. त्याची अक्षरे त्या काळचा नामवंत सुलेखनकार ओउयांग शून याची. चार अक्षरांची ही मांडणी पुढे छिंग काळापर्यंत टिकली. नवखे संग्राहक हे नाणे 713 ते 741 या ‘काइयुआन’ कालखंडाचे समजतात. प्रत्यक्षात ते त्याआधी सुमारे नव्वद वर्षे सुरू झाले होते. इ.स. 845 मध्ये सम्राट वूझोंगने बौद्ध मठ बंद पाडले आणि तिथल्या घंटा व मूर्ती वितळवून हेच नाणे पुन्हा ओतले गेले. त्या नाण्यांच्या मागच्या बाजूला टाकसाळीचे अक्षर असते. पालथे घालताच धार्मिक दडपशाहीचा पुरावा समोर येतो.

उत्तर सोंग राजवट (960–1127) हा या नाण्यांचा सुवर्णकाळ. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्षाला पन्नास लाखांहून अधिक माळा नाणी पाडली जात आणि एका माळेत हजार नाणी असत. राजाने कालखंडाचे नाव बदलले की नाण्यावरचे नावही बदले. एकाच नावाची नाणी दोन-तीन लिपिशैलींत निघत, त्यामुळे जोड्या जुळवणे हा संग्राहकांचा आवडता उद्योग झाला. सम्राट हुइझोंग स्वतः चित्रकार आणि सुलेखनकार होता. त्याच्या ‘दाग्वान तोंगबाओ’ नाण्यावरची सडपातळ, धारदार अक्षरे त्याच्याच शैलीतली आहेत. जुर्चेन सैन्याने त्याला कैद केले आणि कैदेतच तो वारला.

नाणी कशी बनत, याचे वर्णन सोंग यिंगशिंगच्या 1637 मधील ग्रंथात आहे. लाकडी चौकटीत बारीक वाळू-माती दाबून भरायची, तिच्यावर ‘मातृनाणी’ ठेवून ठसे घ्यायचे, मग वितळलेला धातू ओतायचा. गार झाल्यावर झाडाच्या फांद्यांसारखी जोडलेली नाणी तोडून चौकोनी सळईत ओवायची आणि कडा कानशीने घासायच्या. भोक चौकोनी असल्यामुळे घासताना नाणी गरगर फिरत नसत.

छिंग काळातील नाण्यांच्या पाठीवर मांचू लिपीत टाकसाळीचे नाव येते. शिनजियांगमधल्या तांबूस नाण्यांवर चिनी आणि मांचूबरोबर अरबी वळणाची उइगुर लिपीही आहे. सम्राट शियानफेंगच्या काळात (1851–61) ताइपिंग बंडामुळे युन्नानचे तांबे येईनासे झाले. तेव्हा दरबाराने दहापासून हजारापर्यंत दर्शनी किमतीची मोठी नाणी काढली आणि महागाई भडकली. 1889 मध्ये ग्वांगडोंगमध्ये यंत्रावर नाणी पडू लागली आणि ओतीव नाण्यांचा अस्त जवळ आला.

हे चलन चीनपुरते राहिले नाही. जपान, कोरिया आणि व्हिएतनाम यांनी त्याच घाटाची नाणी काढली. 1323 मध्ये कोरियाच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या सिनान जहाजात सुमारे 28 टन चिनी नाणी मिळाली. तमिळनाडूत तंजावर परिसरातही सोंग काळातील नाण्यांचे साठे सापडले आहेत. खुद्द चीनमध्ये नानचांगजवळच्या, हान काळातील लिऊ हे याच्या थडग्यात (मृत्यू इ.स.पू. 59) वू झू नाण्यांचा सुमारे दहा टनांचा ढीग होता.

संग्रहाची परंपराही जुनी आहे. होंग झून याचा 1149 मधील ‘छ्वानझी’ हा उपलब्ध नाणेग्रंथांत सर्वांत जुना. चीनच्या सीमाशुल्क खात्यात नोकरी केलेल्या नॉर्वेच्या फ्रेडरिक शोथचा संग्रह ऑस्लो विद्यापीठाकडे गेला आणि 1929 मध्ये त्याची सूची छापली गेली. डेव्हिड हार्टिलचे 2005 मधील पुस्तक आज इंग्रजी वाचकांचा मुख्य आधार आहे.

सोंग आणि छिंग काळातील साधी नाणी आजही स्वस्त मिळतात, कारण ती अफाट संख्येने पाडली गेली. नकलाही तितक्याच आहेत. मुंबई-पुण्याच्या दुकानांत फेंगशुईसाठी लाल रिबिनीत बांधून मिळणारी तीन नाणी बहुतेक नवीच असतात. सोंग काळाचे म्हणून दाखवलेले नाणे पिवळ्याधमक पितळेचे असेल तर शंका घ्यावी, कारण नाण्यांत पितळ सोळाव्या शतकात आले. त्याआधी कांसे वापरत. वजनही तपासावे : काइयुआन किंवा छिंग सम्राट च्यानलाँगच्या काळातले चांगले नाणे साधारण चार ग्रॅमचे भरते. अमेरिकेने 2009 मध्ये चीनशी करार करून थांग काळापर्यंतच्या चिनी नाण्यांच्या आयातीवर निर्बंध घातले आहेत, त्यामुळे परदेशातून खरेदी करताना कागदपत्रे मागावीत.

हाती आलेल्या नाण्यावरचा हिरवा थर चिंच-लिंबू लावून घासू नये. अक्षरांच्या कडा झिजतात आणि खरेपणाची खूणही जाते. राजवट, टाकसाळ, वजन, व्यास आणि नाणे कुठून मिळाले, एवढी नोंद प्रत्येक नाण्यासोबत ठेवावी.